सातवी पुंगळी: ब्लोबॅक रायफलीतील एका ‘आउट ऑफ बॅटरी’ घटनेचा अभ्यास

इंदूरबाहेरच्या एका खासगी नेमबाजी क्लबमध्ये, जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास, पन्नास मीटरच्या रेंजवर .२२ लाँग रायफल काडतुसाची एक सेमी-ऑटोमॅटिक रायफल नेमबाजाच्या गालाजवळ फुटली. नोंदवहीत त्या दिवशी ‘रायफल फुटली’ असेच लिहिले गेले; पण नळी, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसते ती जागा) आणि बोल्ट (ती जागा मागून मिटणारा पोलादी ठोकळा) तिन्ही शाबूत होते, फुटली होती ती काडतुसाची पितळी पुंगळी. तिच्यातून निसटलेला वायू बोल्टच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर आला, मॅगझिन खाली ढकलले गेले आणि पितळेचे दोन बारीक कण नेमबाजाच्या उजव्या गालात घुसले. डोळा वाचला तो चष्म्यामुळे. नेमबाज साठी ओलांडलेले, बँकेतून निवृत्त झालेले आमचे जुने सभासद, ज्यांना सगळे काका म्हणतात. क्लबच्या सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि माझा व्यवसाय सांवेर रोडवरच्या टूलरूमचा असल्यामुळे मोजमापाची सवय आहे, म्हणून हे प्रकरण माझ्या वाट्याला आले.

प्रकरण समजण्यासाठी ब्लोबॅक रायफलीचे वागणे आधी सांगावे लागेल. बोल्ट-ॲक्शन रायफलीत बोल्ट फिरवून खाचेत अडकवला जातो, म्हणजे दाराला कडी लागते. साध्या ब्लोबॅकमध्ये कडी नसतेच. बोल्टचे वजन आणि त्यामागची स्प्रिंग एवढ्याच आधारावर दार बंद असते, आणि काडतूस उडाले की पुंगळीच बोल्टला मागे ढकलते. .२२ लाँग रायफलच्या चेंबरमधला कमाल दाब सुमारे १,६५० बार धरला जातो. पुंगळीच्या आतल्या तळाचे क्षेत्रफळ पाहता बोल्टवर येणारा जोर साधारण साडेतीनशे किलो वजनाइतका होतो. हा जोर फार थोडा वेळ टिकतो, आणि तेवढ्या वेळात जड बोल्ट फारसा हलत नाही, यावरच सगळी रचना उभी आहे. गोळीचे वजन २.६ ग्रॅम आणि या रायफलीच्या बोल्टचे सुमारे १८० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सत्तर पट. त्यामुळे गोळी सत्तर मिलिमीटर पुढे गेली की बोल्ट एक मिलिमीटर मागे येतो, असा ढोबळ हिशेब मांडता येतो. दाब शिगेला पोहोचतो तेव्हा गोळी दोन-अडीच सेंटिमीटरच सरकलेली असते, म्हणजे बोल्ट तोवर मिलिमीटरभराच्या एक-तृतीयांशाइतकाच हललेला असतो. गोळी पन्नास सेंटिमीटरच्या नळीतून बाहेर पडेपर्यंत तो कागदावर सात मिलिमीटर मागे येतो. पण तोवर दाब पुष्कळ उतरलेला असतो आणि १५.६ मिलिमीटर लांबीच्या पुंगळीचा निम्म्याहून अधिक भाग अजून चेंबरच्या भिंतींनी वेढलेला असतो.

या हिशेबात सवलत किती आहे ते पाहावे. पुंगळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ आहे, आणि रिमफायर काडतुसात ठिणगी देणारा मसाला तळाच्या दुमडलेल्या कडेत भरलेला असल्यामुळे ती कड मुद्दामच नरम ठेवलेली असते. पोलादाचा आधार असेपर्यंत हे पितळ १,६५० बार सहन करते. आधार मिलिमीटर-दीड मिलिमीटर सुटला की ते फुगते आणि कडेपाशी फाटते. बोल्ट पूर्ण मिटण्याआधीच काडतूस उडणे, याला ‘आउट ऑफ बॅटरी’ म्हणतात. ‘बॅटरी’ हा शब्द तोफखान्यातला आहे. उडाल्यावर मागे गेलेली तोफ पुन्हा आपल्या जागी आली की ती ‘बॅटरीत’ आली म्हणायची. विजेच्या बॅटरीशी त्याचा संबंध नाही, हे नव्या सभासदांना दर वर्षी एकदा तरी सांगावे लागते.

रेंजवरचा पहिला निष्कर्ष ठरलेलाच होता: माल खराब. काडतुसाला दोष देणे सोपे असते, कारण ते उडून गेलेले असते आणि त्याची बाजू मांडायला कोणी नसते. मीही क्षणभर तसेच धरले. पण त्याच डब्यातली वीस काडतुसे क्लबच्या बोल्ट-ॲक्शन रायफलीतून झाडली, तेव्हा एकाही पुंगळीवर जादा दाबाची खूण दिसली नाही. त्याहीआधी, घटनेनंतर लगेच, फुटलेल्या रायफलीच्या नळीतून सळई घालून पाहिली होती, कारण आधीची गोळी नळीत अडकली असेल तर तीही पुंगळी फाडू शकते. नळी मोकळी होती.

मग मोजणी केली. काकांनी मॅगझिनमध्ये दहा काडतुसे भरली होती आणि आपण सहा वेळा चाप ओढला असे ते ठामपणे सांगत होते. मॅगझिनमध्ये तीन उरली होती. दहातून तीन वजा केले तर सात उरतात, सहा नव्हे. लक्ष्याच्या कागदावर सहा छिद्रे काळ्या वर्तुळात होती आणि सातवे खाली, कागदाच्या काठाशी, जिथे काकांच्या हातून गेल्या दहा वर्षांत गोळी गेलेली नाही. शेजारच्या लेनवरच्या मुलीला मी विचारले, तर ती म्हणाली, “सर, शेवटी ठो-ठो असे दोन आवाज जोडून आले. मला वाटलं, आपल्यालाच प्रतिध्वनी ऐकू आला.”

याचा अर्थ सातवे काडतूस चापाने उडाले नव्हते. सहाव्यानंतर बोल्ट मागे गेला, सातवे काडतूस घेऊन पुढे आला आणि येता-येताच ते उडाले. चाप न ओढता, बोल्ट मिटण्याच्या धक्क्यानेच काडतूस उडण्याची कारणे मोजकी आहेत: फायरिंग पिन (काडतुसावर आपटून ते उडवणारी सळई) पुढे अडकलेली असणे, सिअर (चाप ओढेपर्यंत हॅमरला अडवून धरणारी कळ) झिजल्यामुळे हॅमर, म्हणजे पिनवर घाव घालणारा हातोडा, बोल्टच्या मागोमाग पुढे येणे, किंवा बोल्टच्या तोंडावर काही कडक कण चिकटलेला असणे.

पुंगळ्या गोळा करून ठेवल्या होत्या, हे आमचे नशीब. एरवी रविवारी झाडूवाला त्या नऊ वाजेपर्यंत पोत्यात भरतो. दहापट भिंगाखाली सातही पुंगळ्या ओळीने ठेवल्या आणि तासभर त्यांच्याकडेच पाहत बसलो. सातवीच्या कडेला तळाच्या खालच्या बाजूने जवळजवळ चतुर्थांश परिघाची फाट होती आणि त्या बाजूचे पितळ बाहेर दुमडले होते. कडेपासून १.६ मिलिमीटर पुढे, पुंगळीच्या अंगावर, बोटाच्या नखाला लागेल अशी एक पायरी होती. तिच्या मागचा भाग फुगलेला आणि पुढचा चेंबरच्या मापाचा. दाब चढला तेव्हा चेंबरचे तोंड नेमके त्या पायरीपाशी होते. त्यातून बोल्टचे नेहमीचे हलणे वजा केले आणि पुंगळी मागे सरकून बोल्टच्या तोंडाला टेकण्याचे अंतरही धरले, तर काडतूस उडाले त्या क्षणी ते मिलिमीटरभराच्या आसपास बाहेर होते, एवढे म्हणता येते; त्याहून बारीक आकडा सांगणे म्हणजे व्हर्नियरवर नसती श्रद्धा ठेवणे होय.

पण खरी साक्ष पुंगळीच्या तळावर होती. नीट उडालेल्या पुंगळीच्या कडेवर पिनचा एकच खोल, चौकोनी ठसा असतो. सातवीवरचा ठसा उथळ होता, आणि तळाच्या वरच्या भागापासून खाली त्या ठशापर्यंत एक केसाएवढी रेघ आली होती. या रायफलीत पिन बोल्टच्या तोंडाच्या खालच्या बाजूला आहे. मॅगझिनमधून निघालेले काडतूस बोल्टच्या तोंडावरून खालून वर सरकत जाते. पिन आत असेल तर ते गुळगुळीत पोलादावरून सरकते, आणि पिनचे टोक बाहेर राहिले असेल तर ते टोक तळावर रेघ ओढते. मग आधीच्या सहा पुंगळ्या पुन्हा पाहिल्या. चौथी आणि सहावी, दोन्हींवर तशीच रेघ होती, फक्त फिकट, आणि रेघेच्या शेवटी नेहमीचा खोल ठसा. म्हणजे पिन त्या सकाळी सातव्यांदाच अडकली असे नव्हते. ती मधूनमधून अडकत होती आणि दोन वेळा नुसती ओरखडा काढून थांबली होती.

इथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. रिकामी रायफल वारंवार चाप ओढून चालवली की रिमफायरमध्ये पिन चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथे बारीक खिळा उभा राहतो. असे मी पूर्वी पाहिले असल्यामुळे याही वेळी तोच असणार, असे मनाशी धरून दोन दिवस चेंबरचा काठ तपासत बसलो. काठ स्वच्छ होता. रायफल मी स्वतः उघडली नव्हती. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून हे सगळे परवानाधारक दुरुस्तीकाराच्या दुकानात, त्याच्याच हाताने चालले होते. त्याने सिअर आणि हॅमरही पाहिले. दोन्ही चोख होते. शेवटी बोल्ट सोडवला आणि पिन बोटाने दाबून पाहिली, तर ती लोण्यासारखी आत-बाहेर होत होती. दुरुस्तीकार माझ्याकडे पाहून म्हणाला, “साहेब, पिन तर मोकळी आहे. आता?”

दुपारचे दोन वाजले होते आणि दुकानात टेबलावर शंभर वॅटचा दिवा जळत होता. हे वाक्य मी आता लिहितो आहे. त्या वेळी या दिव्याकडे माझे लक्षही गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकांची विचारपूस करायला मी सकाळी आठ वाजता टिळकनगरला त्यांच्या घरी गेलो. गालावर पट्टी, हातात चहा. बोलता-बोलता विचारले की रायफलीला तेल कुठले घालता. त्यांनी खिडकीतून प्लॅस्टिकची छोटी, लांब नळीची बाटली आणली. शिवणयंत्राच्या तेलाची, तिच्यावर तसे लेबलही होते. मी ती उलटी करून दाबली. काही आले नाही. पुन्हा दाबली. बाटली उजेडात धरली तर आत पांढरे, गोठलेले काहीतरी. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, ते दिवाळीत मशीनचं तेल संपलं होतं ना, तेव्हा तुम्हीच त्यात खोबरेल भरून घेतलंत. मी नको म्हणत होते.” काका थोडे ओशाळले आणि म्हणाले, “तेल ते तेलच की रे. दिवाळीपासून एकदाही अडली नाही ती.”

दिवाळीत अडलीही नसती. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दुपारी ते पाण्यासारखे पातळ असते आणि जानेवारीच्या सकाळी, आठ-नऊ अंशांत, मेणासारखे घट्ट. त्यात दारूची काजळी आणि शिशाची भुकटी मिसळली की पिनच्या अरुंद खोबणीत एक लुकण तयार होते. पिन मागे आणणारी स्प्रिंग नाजूक असते, कारण ती कडक ठेवली तर हॅमरचा घाव हलका पडतो. हॅमर मोठ्या जोराने पिन पुढे ढकलतो, लुकण त्याला रोखू शकत नाही; पण नाजूक स्प्रिंगला ती परत आणता येत नाही, किंवा आणायला उशीर होतो, आणि बोल्ट मागे जाऊन परत पुढे येण्याचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. दुकानातल्या दिव्याखाली हे लुकण वितळले होते. त्याच रात्री आम्ही बोल्ट न पुसता उघड्या व्हरांड्यात ठेवला आणि सकाळी सात वाजता पिन दाबून सोडली, तेव्हा तिचे टोक बाहेरच राहिले. मोजून पाच सेकंदांनी ते आळसावल्यासारखे आत गेले.

तरीही एवढ्याने प्रकरण सुटत नव्हते. पिन बाहेर अडकलेली असेल तर काडतूस आपोआप उडेल हे खरे, पण ते साधारणपणे चेंबरमध्ये पूर्ण बसल्यावर, कड नळीच्या काठाला टेकून दबली गेल्यावर उडेल. म्हणजे अकारण गोळी सुटेल, धोकादायकच, पण पुंगळी बहुधा फाटणार नाही. ती मिलिमीटरभर बाहेर असतानाच का उडाली? त्याचे उत्तर चेंबरमध्ये मिळाले. .२२ च्या गोळीला बाहेरून मेणाचे वंगण असते, आणि शेकडो गोळ्यांनंतर चेंबरमध्ये मेण, शिसे आणि काजळीचे कडे साचते. काकांनी नळी दर महिन्याला पुसली होती, चेंबर मात्र ब्रशने कधीच घासला नव्हता. नळीतून चिंध्या ओढणे म्हणजे सफाई, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. उन्हाळ्यात मऊ राहणारे हे कडे थंडीत कडक होते. सातवे काडतूस त्यात शिरताना अडले, बोल्टने त्याला मागून रेटले, आणि कड चेंबरच्या काठाला टेकण्याऐवजी त्या घट्ट कड्याच्याच विरोधाने बाहेर आलेल्या पिनवर दाबली गेली.

म्हणजे कारणे दोन होती आणि दोन्ही लागत होती. चेंबर घाणेरडा पण पिन मोकळी असती, तर बोल्ट अर्धवट मिटून राहिला असता, आणि चाप ओढल्यावर हॅमरचा जोर बोल्ट पुढे ढकलण्यातच खर्ची पडून बहुधा मिसफायर झाला असता. बहुधा म्हणतो, कारण पुष्कळ साध्या .२२ रायफलींत बोल्ट पूर्ण मिटल्याशिवाय हॅमर पिनपर्यंत पोहोचूच नये अशी खात्रीची अडसर नसते. पिन अडकलेली पण चेंबर स्वच्छ असता, तर दुहेरी गोळी सुटून सगळे दचकले असते, एवढेच. आठ अंशांच्या सकाळने तेल आणि मेण दोन्ही एकाच वेळी गोठवले. पहिल्या सहा गोळ्यांत हे का झाले नाही, असे काकांनी विचारले तेव्हा मी त्यांना चौथ्या पुंगळीवरची रेघ दाखवली. रिमच्या आतला मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसतो आणि प्रत्येक काडतूस सारखेच अडतेही असे नाही, तेव्हा चौथ्या वेळी जे टळले ते सातव्या वेळी टळले नाही.

या निष्कर्षावर एक आक्षेप आला, आणि तो घेण्याजोगा होता. आमच्या क्लबमध्ये सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झालेले एक आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे, येतात. या दलाची शस्त्रे व डावपेच शिकवणारी केंद्रीय शाळा इंदूरलाच आहे, त्यामुळे असे लोक आमच्याकडे नवलाईचे नाहीत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांचे म्हणणे असे की कानपूरच्या कारखान्यात बनलेल्या ९ मिलिमीटरच्या १ए१ कार्बाइनमध्ये पिन बोल्टच्या तोंडावर कायमचीच बाहेर बसवलेली असते, तीही ब्लोबॅकच आहे, मग तिच्यात रोज पुंगळ्या का फाटत नाहीत? याचे उत्तर त्यांना स्वतःलाही ठाऊक होते, ते मला तपासत होते. त्या कार्बाइनचा बोल्ट उघडा राहतो आणि चाप ओढल्यावर पुढे येऊन, काडतूस चेंबरमध्ये गेल्यावर, पुढच्या वेगातच ते उडवतो. मागे ढकलणाऱ्या जोराला आधी तो पुढचा वेग मोडावा लागतो, आणि म्हणूनच तो बोल्ट तेवढा हलका चालतो. शिवाय काडतूस चेंबरच्या रेषेत आल्याखेरीज त्या पिनला कॅप, म्हणजे तळाच्या मध्यावरची ठिणगी देणारी टोपी, सापडतच नाही. आमच्या रायफलीत पुढचा वेग त्या घट्ट कड्यानेच खाऊन टाकला होता. बोल्ट जवळजवळ थांबलेला, पुंगळी बाहेर आणि पिन पुढे. कार्बाइनचे सगळे धोके होते, तिचा आधार मात्र एकही नव्हता. आबांनी मान हलवली आणि वर एवढेच म्हणाले की कार्बाइनच्या बोल्टवर मळ बाहेर टाकणाऱ्या पिळाच्या खाचा उगाच दिलेल्या नाहीत.

दुरुस्ती साधी होती. बोल्ट पूर्ण सोडवून रॉकेलमध्ये धुतला, पिनची खोबणी कोरडी केली, तिच्यात तेल घातलेच नाही. तिथे तेल लागतच नाही. पिनची स्प्रिंग नवी बसवली. चेंबर पितळी ब्रशने घासला तेव्हा पहिल्या चिंधीवर गडद राखाडी मेणाचा जो गोळा आला, तो दुरुस्तीकाराने काकांना दाखवण्यासाठी कागदात बांधून ठेवला. चाचणी मुद्दाम पहाटेच घेतली: रायफल रात्रभर थंडीत ठेवून आधी मॅगझिनमध्ये एकच काडतूस, मग दोन-दोन, मग तीन, म्हणजे काही बिघडलेच तर सुटणाऱ्या गोळ्यांची संख्या हाताबाहेर जाऊ नये. दोन सकाळी मिळून साठ गोळ्या झाडल्या. प्रत्येक पुंगळीचा तळ भिंगाखाली पाहिला. ठसे खोल होते, रेघ एकावरही नव्हती.

नोंदवहीतले ‘रायफल फुटली’ हे शब्द मी खोडून ‘पुंगळी फाटली, पिन अडकली, चेंबर अस्वच्छ’ असे लिहिले, आणि पहिल्या दिवशी दोष दिलेल्या काडतुसांचा डबा परत वापरात आणला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात प्रत्येक सेमी-ऑटोमॅटिक .२२ चा बोल्ट पहिल्या गोळीआधी काढून, तोंड खाली करून कानाशी हलवायचा आणि पिन आत खुळखुळते का ते ऐकायचे, असे आता क्लबमध्ये ठरले आहे. परवा काका रांगेत माझ्या पुढे उभे होते. बोल्ट त्यांनी तीन वेळा हलवला, मग माझ्याकडे वळून माझ्याच कानाशी धरला.